त्याने सोडून दिलेले पिच बघ

अरे, त्या हायस्कूलच्या बेसबॉल बॅटरवरचा तुझा रिपोर्ट काल रात्री वाचला, आज सकाळी परत एकदा वाचला. मेहनत दिसतेय त्यात, आणि पोरगा तुला मनापासून आवडलाय हेही दिसतंय. ते चांगलंच आहे, ज्याला कुणी आवडतच नाही त्याने स्काऊटिंग, म्हणजे टीमसाठी नवे खेळाडू हेरायचं काम, करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुझं जवळजवळ दीड पान त्याच्या पॉवरवर गेलंय. बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये किती बॉल फेन्सच्या बाहेर पडले, एक स्कोअरबोर्डवर कसा आदळला, बाकीचे स्काऊट गप्पा सोडून कसे बघायला लागले, सगळं आलंय. आणि त्याच्या हिटिंगवर फक्त चार ओळी. हे प्रमाण उलटं पाहिजे होतं, म्हणून हे पत्र.

रॉ पॉवर ७० लिहिलीस, माझी काही हरकत नाही, व्हिडिओ बघून मलाही तसंच वाटलं. पण त्या दिवशी तिथे बसलेल्या प्रत्येक स्काऊटने साधारण तेवढंच लिहिलं असणार. २० ते ८० च्या स्केलवर ५० म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधला, सरासरी खेळाडू, त्यामुळे ७० म्हणजे फारच मोठी गोष्ट आहे, पण बॉल किती लांब गेला हे कळायला स्काऊट लागत नाही, स्टँडमध्ये बसलेल्या कुणालाही ते कळतं. टीम तुला पगार देते तो वेगळ्याच प्रश्नासाठी. आज हायस्कूलमध्ये असलेल्या या मुलाची ताकद चार-पाच वर्षांनी, समोरचा पिचर (बॉल टाकणारा) ताशी ९६ माइलचा फास्टबॉल टाकून लगेच त्याच हाताच्या हालचालीतून शेवटी बाजूला वळणारा स्लायडर टाकतोय अशा वेळी, बॅटवर उतरणार का? रॉ पॉवर आणि गेम पॉवर हे दोन आकडे आपण वेगळे लिहितो ते याचसाठी. तू दोन्हीकडे जवळपास सारखाच आकडा टाकलायस आणि कारण काहीच दिलेलं नाहीस.

बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये काय होतं बघ. कोच जाळीमागून, माउंडपेक्षा, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापेक्षा, बराच पुढे येऊन, हळू आणि सरळ बॉल टाकतो, प्रत्येक वेळी त्याच वेगाने, आणि मुलाला आधीच माहीत असतं काय येणार आहे ते. गेममध्ये माउंड ६० फूट ६ इंचावर, आणि ९५ माइलचा बॉल बॅटरजवळच्या प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, त्यातला बराच वेळ बॅट फिरवण्यातच जातो, म्हणजे मारायचा की सोडायचा हे ठरवायला पापणी लवायच्या आत मोकळं व्हावं लागतं. आणि तुझ्या मुलाने या सीझनला बघितलेत बहुतेक ८० च्या आसपास टाकणारे पिचर. त्यांच्यासमोर मारलेले होमरन खोटे नाहीत, पण ते फार थोडं सांगतात. बॅटिंग प्रॅक्टिस बघूच नको असं मी म्हणत नाहीये हां. मी अजूनही सगळ्यात आधी पोचतो, मला ती बघायला फार आवडते, अंगात किती ताकद आहे याचं माप तिथेच मिळतं. फक्त ते माप घेतलं की वही बंद कर आणि खरं काम पहिल्या इनिंगला सुरू होतं हे लक्षात ठेव.

बॅटचंही लिहिलेलं नाहीस. हायस्कूलमध्ये मुलं धातूची बॅट वापरतात. धातूच्या बॅटची उसळी मर्यादित करणारा बीबीकोर नियम आल्यापासून, कॉलेजमध्ये २०११ आणि हायस्कूलमध्ये २०१२ पासून, त्या बॅटमधून बॉल पूर्वीसारखा सुसाट सुटत नाही हे खरं, पण तरीही धातूची बॅट बऱ्याच चुका माफ करते. आत आलेला बॉल मुठीजवळ लागला तरी इनफिल्डच्या डोक्यावरून जाऊन पडतो, लाकडी बॅट असती तर हातात नुसती मूठ राहिली असती. त्यामुळे हा मुलगा उन्हाळ्यात लाकडी बॅटने कुठे खेळलाय ते शोध. एरिया कोड गेम्ससारख्या, निवडक हायस्कूल खेळाडूंच्या इव्हेंटमध्ये असेल तर तिथे त्याला पाहिलेल्या आपल्या माणसांना फोन लाव. तिथे पिचिंगही तगडं असतं, एकामागून एक नव्वदीत टाकणारी पोरं येतात. ब्राइस हार्परवर २०१० मध्ये सगळ्यांचा एवढा विश्वास का बसला? पोराने हायस्कूल लवकर संपवून कॉलेज ऑफ सदर्न नेवाडा गाठलं, वय १७, समोर त्याच्यापेक्षा मोठी मुलं, लीग लाकडी बॅटची, आणि तिथे ३१ होमरन मारले. वय, बॅट, पिचिंग, तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात असताना मारले. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, जिथे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो पहिलाच गेला. तुझ्या मुलाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी सध्या त्याच्या बाजूने आहेत, मग आकडा वाचताना तेवढं वजा करायला नको का?

आता मुद्द्यावर येतो. पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्याने मारलेल्या बॉलपेक्षा त्याने न मारलेल्या बॉलवर जास्त लिही. कोणता पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, सोडला, कसा सोडला. पहिले दोन ॲट-बॅट (त्याच्या बॅटिंगच्या पाळ्या) प्लेटच्या मागे बस म्हणजे पिच स्ट्राइक झोनमध्ये, प्लेटवर बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीत, होता की बाहेर ते नीट दिसेल. नंतर उठून पहिल्या बेसच्या बाजूला जा, मुलगा उजव्या हाताने मारतो ना, त्या बाजूने त्याची छाती, हात, पुढचा पाय सगळं उघडं दिसतं. आणि बॉलच्या मागे डोळे पळवू नकोस, बॉल कुठे पडला ते कुणीही सांगेल तुला, तू त्याच्याकडे बघत राहा.

मी स्वतः काय बघतो ते सांगतो. समज दोन स्ट्राइक (मिस झालेला किंवा झोनमधला सोडलेला बॉल) झालेत, तिसऱ्याला आऊट, आणि पिचरने कर्व्हबॉल टाकला, हातातून सुटताना उंच दिसतो आणि मग खाली पडतो. या क्षणी मुलाचा पुढचा गुडघा बघ. ज्याला बॉल ओळखता येत नाही त्याचा गुडघा आधीच पुढे वाकतो, वजन सगळं पुढच्या पायावर जातं, ढुंगण मागे सुटतं, आणि मग तो नुसत्या हातांनी बॅट लांबवून कसाबसा बॉलला शिवायला जातो. आणि ज्याला ओळखता येतो तोही पाय पुढे टाकतो पण हात मागेच ठेवतो, खांदा बंद, डोकं स्थिर, अर्ध्या रस्त्यात त्याला कळलेलं असतं की हा खाली जाणार आणि तो बॅट थांबवतो. तसा थांबलेला एक स्विंग मला स्कोअरबोर्डवर आदळलेल्या बॉलपेक्षा जास्त आनंद देतो, खरंच. बॉल सोडताना चेहराही बघ. काही मुलं सोडतात कारण ओळखलेला असतो, काही सोडतात कारण गोठलेली असतात. दोन-तीन गेम लक्ष देऊन बघितलेस की दोन्हीतला फरक तुझा तुलाच कळायला लागेल.

मिस झालेले स्विंगही सगळे सारखे नसतात. झोनच्या बाहेर जाणाऱ्या स्लायडरमागे पळून मिस केला, तर ती सवय सुटू शकते, १७ वर्षांची बरीच पोरं पळतात. पण झोनच्या मधोमध आलेला साधा फास्टबॉल, आणि तोही ८५ चा, त्याच्या बॅटखालून किंवा वरून सुटतोय, असं वारंवार होत असेल तर मला काळजी वाटते. स्विंग लांब आहे का, हात शरीरापासून दूर फिरून येतात का, बॅट झोनमध्ये किती वेळ राहते, याची उत्तरं तिथेच मिळतात. आणि फाउल बॉल, म्हणजे लागून रेषेबाहेर गेलेले, तर कुणी लिहीतच नाही, तू लिही. सरळ मागे जाळीत गेलेला फाउल म्हणजे टायमिंग बरोबर होतं, थोडा वर-खाली चुकला. उजव्या हाताच्या बॅटरचे फाउल सारखे पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर तो उशीर करतोय, आणि पिचर जर ८२ चाच असेल तर हा पोरगा ९५ ला काय करणार याचं उत्तर तुला तिथेच मिळालं.

आरोन जजचं नाव तू रिपोर्टमध्ये टाकलंयस. उंची आणि ताकद बघून टाकलं असशील, हरकत नाही, पण मग त्याची पूर्ण गोष्ट लक्षात घे. २०१० मध्ये हायस्कूलमधून ओकलंडने त्याला ३१ व्या राउंडला घेतलं, तो गेला नाही, फ्रेस्नो स्टेटला गेला. २०१३ मध्ये यांकीजने ३२ व्या नंबरवर घेतला, म्हणजे त्याच्या आधी ३१ मुलं घेतली गेली होती. ६ फूट ७ इंचाचा माणूस, त्याचा स्ट्राइक झोनच एवढा मोठा, हात लांब, स्विंग लांब होण्याची भीती, लोकांना शंका होती आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगमधल्या पहिल्याच ॲट-बॅटला त्याने होमरन मारला पण त्या सीझनमध्ये एकूण ८४ ॲट-बॅट्समध्ये ४२ स्ट्राइकआऊट. निम्मे! कुणीही म्हणालं असतं संपला हा. पुढच्याच वर्षी ५२ होमरन. त्या वर्षी स्ट्राइकआऊट २०८ होते हे सगळे सांगतात, पण वॉक, म्हणजे झोनबाहेरचे चार बॉल सोडून मिळालेले फुकटचे बेस, १२७ होते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बाहेरचा बॉल सोडायची अक्कल असल्याशिवाय एवढे वॉक मिळत नाहीत. पिचरला शेवटी झोनमध्ये यावंच लागलं, आणि आला की बॉल स्टँडमध्ये. २०२२ मध्ये ६२ पर्यंत गेला तो. आता मला सांग, तुझ्या मुलाचे वॉक किती? रिपोर्टमध्ये तो आकडाच नाहीये.

दुसरीकडे जोई गॅलो. त्याच्या रॉ पॉवरबद्दल कुणाचं दुमत नव्हतंच, २०१२ मध्ये टेक्सासने ३९ व्या नंबरवर घेतला. २०१७ ला ४१ होमरन, २०१८ ला ४०, आणि बॅटिंग ॲव्हरेज .२०९ आणि .२०६, स्ट्राइकआऊट १९६ आणि २०७. मी त्याला वाईट खेळाडू अजिबात म्हणणार नाही, दोनदा ऑल-स्टार झाला, आउटफिल्डमध्ये फिल्डिंगचा गोल्ड ग्लव्ह मिळवला, वॉकही घ्यायचा, अशी करिअर मिळाली तर हजारो मुलं हात जोडतील. पण कॉन्टॅक्ट, म्हणजे बॉलला बॅट लागणं, कमी असला की पॉवरला छत लागतं, ते किती उंचीवर लागेल हा अंदाज तुला द्यायचाय. आणि छत नसलेलं उदाहरण हवं असेल तर अल्बर्ट पुहोल्स घे. १९९९ मध्ये १३ व्या राउंडला, ४०२ वा नंबर. कम्युनिटी कॉलेजचा मुलगा, शरीर जड, खेळणार कुठल्या पोझिशनला ते नक्की नाही, लोकांनी त्यातच वेळ घालवला. ७०३ होमरन मारले त्याने, आणि इतक्या वर्षांत एकाही सीझनमध्ये १०० स्ट्राइकआऊट झाले नाहीत. एवढी ताकद असून एवढा कॉन्टॅक्ट. असा खेळाडू क्वचित जन्माला येतो, पण तो ४०२ व्या नंबरपर्यंत उपलब्ध होता हे विसरू नकोस, तो दिसत होता, त्याच्याकडे बघणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

एक्झिट व्हेलॉसिटीचे, म्हणजे बॅटवरून सुटलेल्या बॉलच्या वेगाचे, आकडे दिलेस ते बरं केलंस. २०१५ मध्ये मेजर लीगची स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा आल्यापासून आपल्या कामात खूप स्पष्टता आलीये आणि जे जुने लोक आकड्यांवर नाक मुरडतात त्यांच्या नादी लागू नकोस. पण आकडा वाचायलाही शिकलं पाहिजे. ओनील क्रूझने २०२२ मध्ये १२२.४ माइलने बॉल मारला, तोपर्यंत मोजलेला सगळ्यात जोरातला, आणि तो झाला काय तर सिंगल! भिंतीवर आदळून इतक्या झपाट्याने परत आला की एकच बेस मिळाला. जोर आहे पण कोन नसेल तर बॉल जमिनीवरून किंवा भिंतीपर्यंतच जाणार. उत्तम लागलेल्या बॉलला बॅरल म्हणतो ना आपण, त्याला किमान ९८ माइल वेग लागतो आणि त्या वेगाला कोन २६ ते ३० अंशांच्याच मधे पाहिजे, वेग वाढेल तशी कोनाची सूट वाढते. तू या मुलाचा फक्त सगळ्यात मोठा आकडा लिहिलायस. त्याने अंगात काय आहे ते कळतं. गेममध्ये तो ९५ च्या वर किती वेळा मारतो, कुठल्या पिचवर मारतो, आणि त्यातले किती बॉल जमिनीवर मारतो, ते लिही. माझा अंदाज, व्हिडिओवरून, तो खूप बॉल शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून मारत असणार, कारण पुढचा खांदा लवकर उघडतोय. बघून सांग मला.

हे खांद्याचं शिकवता येतं. कोणती गोष्ट सुधारू शकते आणि कोणती बहुतेक सुधारत नाही हे स्वतःला विचारत जा. होसे बाउतिस्ताचे २०१० च्या आधी कुठल्याही सीझनमध्ये १६ पेक्षा जास्त होमरन नव्हते, टायमिंग बदललं, स्विंगची सुरुवात लवकर करायला लागला आणि २०१० ला थेट ५४. ताकद आधीपासून होती, हात चांगले होते, दरवाजा उघडायचा राहिला होता इतकंच. पायाची हालचाल, हातांची जागा, कोन, हे चांगला कोच बदलू शकतो. स्लायडर आणि फास्टबॉल यातला फरक हातातून सुटताक्षणी ओळखणं मात्र शिकवणं फार अवघड आहे, थोडं वाढतं अनुभवाने, पण मुळातच नसेल तर डबल-ए मध्ये, मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, गेल्यावर उघडं पडतं, तिथले पिचर दयामाया दाखवत नाहीत.

शरीराबद्दल दोनच गोष्टी. तू लिहिलंस 'मॅन अमंग बॉइज', पण १७ व्या वर्षी पूर्ण वाढलेलं शरीर ही नेहमीच जमेची बाजू नसते. आज तो बाकीच्यांपेक्षा ताकदवान आहे कारण तो आधी वाढलाय, तीन वर्षांनी बाकीचेही वाढतील. आईवडिलांना भेटशील तेव्हा त्यांची अंगकाठी बघ, मुलाचे मनगट, खांदे, कंबर बघ, अजून भरायला जागा आहे का. ड्राफ्टच्या दिवशी त्याचं नेमकं वय किती असेल तेही लिही, १७ आणि १९ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दुसरं म्हणजे पोझिशन. सध्या थर्ड बेस खेळतोय पण पाय जड आहेत, तो फर्स्ट बेसला जाणार हे तू ही मान्य करशील. उजव्या हाताने मारणारा हायस्कूलचा फर्स्ट बेसमन म्हटलं की सगळा भार बॅटवर येतो, मधला मार्गच राहत नाही, खूप मारलं तरच मेजर लीग. मूकी बेट्स ५ फूट ९ इंचाचा, २०११ मध्ये पाचव्या राउंडला गेला, पण तो कुठेही खेळू शकत होता, पळू शकत होता, त्यामुळे पॉवर यायला त्याला वेळ मिळाला. या मुलाला तेवढा वेळ मिळणार नाही. हे त्याच्या विरोधात लिहायचं म्हणून लिहू नकोस, पण लिही.

पोराच्या स्वभावाबद्दल तू 'मेहनती, नम्र' असं लिहिलंयस आणि खाली कोचचं नाव. कोच चांगलंच बोलणार रे, त्याचा मुलगा आहे तो. तू स्वतः बघ. तीनदा स्ट्राइकआऊट झाल्यावर पुढच्या इनिंगला फिल्डिंगला जाताना धावत जातो का चालत? डगआऊटमध्ये शेवटच्या टोकाला एकटा बसतो का पुढच्या बॅटरला सांगतो की पिचर काय टाकतोय? सांगत असेल तर त्याने काय बघितलं ते त्याला विचार, गेम संपल्यावर, सहज. 'दुसऱ्या स्ट्राइकला काय टाकलं होतं त्याने?' एवढंच. ज्याला आठवतं, ज्याला पिचचा क्रम सांगता येतो, त्या मुलाच्या हिट टूलवर, म्हणजे बॉल नीट मारायच्या कौशल्याच्या आकड्यावर, मी अर्धा ग्रेड चढवायला तयार असतो. ज्याला फक्त होमरन आठवतो त्याच्यासाठी परत एक गेम बघायला जातो, लगेच काट मारत नाही.

घरच्यांशी बोलताना जपून. कॉलेजला कमिटमेंट दिलीये, ड्राफ्ट आता २० राउंडचाच आहे, पैशांचा प्रश्न येणारच, त्यांना आकडा विचार, ऐकून घे, लिहून घे, पण आपल्याकडून कसलाही शब्द देऊ नकोस, अगदी 'वरच्या राउंडला जाईल' एवढंही नाही. त्या घरात तुझं एक वाक्य महिनाभर चघळलं जातं आणि मुलगा त्याच ओझ्याखाली बॅट फिरवायला लागतो, मग तुला जो खेळाडू बघायचा होता तोच बिघडतो.

आणि आकडा ठामपणे लिही. हिट टूलला तू '४० ते ५०' लिहिलंयस, असं चालत नाही. क्रॉसचेकर, तुझा रिपोर्ट पडताळणारा वरचा स्काऊट, येईल, डायरेक्टर मीटिंगमध्ये विचारेल, तेव्हा तू टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा या मुलाचे जास्त पिच पाहिलेले असणार, तुझ्याकडेच उत्तर असायला हवं. ४० वाटत असेल तर ४० लिही, आवडता असला तरी. ४५ वाटत असेल तर का ते लिही, त्याने कुठल्या काउंटला (किती बॉल, किती स्ट्राइक असताना) कुठला स्लायडर सोडला ते लिही. कुणी खोडून काढलं तर खोडू दे, पण उद्या कुणी वेगळं बोललं म्हणून तू आपला आकडा गुपचूप बदलू नकोस. बदलायचा तर परत जाऊन बघून बदल.

बुधवारी त्यांच्यासमोर तो डावखुरा पिचर आहे ना, ज्याचा चेंजअप चांगला आहे, त्या गेमला जा. दुसरा कितीही मोठा शोकेस असला तरी तो सोड. उजव्या हाताच्या पॉवर हिटरसमोर डावखुऱ्याचा चेंजअप म्हणजे आपल्याला हवी तीच परीक्षा आहे, वेग कमी, हाताची हालचाल फास्टबॉलचीच, बाहेरच्या बाजूला पळणारा. शक्यतो चारही ॲट-बॅट बघ, मधेच निघू नकोस, चौथ्या वेळी तोच पिच परत आल्यावर तो काय करतो ते मला हवंय. गेल्यावर फोन कर, रात्री कितीही वाजले तरी मी जागा आहे.